‘सर्व्हे झालाच आहे, तर रिव्ह्यू पाठवून दे’

पीएचडीचं पहिलं वर्ष संपत आलेलं असतं. कोर्सवर्क आटोपलेलं, प्रयोगाचं मशीन अजून टेंडरमध्ये अडकलेलं, आणि लॅपटॉपवर तीनशे-साडेतीनशे पीडीएफ साचलेल्या. अशा वेळी गाइड एक दिवस सहज म्हणतात, “अरे, लिटरेचर सर्व्हे झालाच आहे तुझा, तर एक रिव्ह्यू करून पाठवून दे.” रिव्ह्यू म्हणजे एखाद्या विषयावर आधी छापलेल्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख. विद्यार्थी खूश. सॅम्पल फुटायची भीती नाही, मशीनची वाट बघायला नको, वाचलंय तेच लिहायचं. सहा-आठ महिन्यांत तो पेपर तीन-चार जर्नलांची दारं ठोठावून घरी परत येतो, आणि नेमकं काय बिघडलं ते सरांनाही कळत नाही न् विद्यार्थ्यालाही.

माझंही असंच झालं होतं. माझा पहिला रिव्ह्यू रेफरीपर्यंत, म्हणजे जर्नल ज्यांच्याकडून लेख तपासून घेतं त्या तज्ज्ञांपर्यंत, पोचलाच नाही. संपादकाने चार ओळींत परत पाठवला. पुढे दुसऱ्यांचे रिव्ह्यू तपासायची पाळी आली, तेव्हा आपला का परत आला ते उमजलं. मी पंचनामा लिहिला होता. जागेवर काय काय सापडलं, कुणी कधी काय केलं, याची बिनचूक नोंद. निवाडा मात्र दिलाच नव्हता.

फरक एका उदाहरणाने सांगतो. लेझर, एलईडी, डिटेक्टर बनवणाऱ्यांना गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकांचे मूळ आकडे लागतात: बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा) किती, स्फटिकात फिरताना इलेक्ट्रॉनचं वस्तुमान किती असल्यासारखं वाटतं, स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर किती. हे आकडे शेकडो शोधनिबंधांत विखुरलेले, आणि एकाच गोष्टीसाठी चार जणांचे चार आकडे. २००१ मध्ये वुर्गाफ्टमन, मायर आणि राम-मोहन या तिघांनी ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये एक लेख छापला. आवर्त सारणीतल्या तिसऱ्या आणि पाचव्या गटातल्या मूलद्रव्यांची बारा संयुगं आणि त्यांची मिश्रणं घेतली, उपलब्ध मोजमापं तपासली, आणि प्रत्येक गुणधर्मासमोर लिहिलं की हा आकडा वापरा. का वापरा, तेही लिहिलं. हजारो शोधनिबंधांनी या लेखाचा हवाला दिला आहे. संगणकावर लेझरची रचना करणारा माणूस आजही तो उघडतो. त्यात लेखकांचा नवा प्रयोग नाही. नवं आहे ते ‘हा आकडा वापरा’ हे वाक्य.

शोधनिबंध सांगतो, आम्ही हे केलं आणि हे मिळालं. रिव्ह्यू सांगतो, सगळ्यांना मिळून जे मिळालं त्यातलं काय धरून पुढे जायचं, काय सोडायचं आणि कुठे अजून भांडण मिटलेलं नाही. वैद्यकशास्त्रात यासाठी ठरलेली पद्धत असते: शोधायचे शब्द आधी जाहीर करा, निकष लावा, किती पेपर वगळले ते दाखवा. भौतिकशास्त्रात बहुतेक वेळा असा साचा नसतो. म्हणून सगळी भिस्त लेखकाच्या विवेकावर, आणि संपादक पहिल्यांदा तोच तपासतो.

भौतिकशास्त्रात या प्रकाराला जुनी प्रतिष्ठा आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ १९२९ पासून चालू आहे. हान्स बेथे यांनी १९३६-३७ मध्ये तिथे, काही भाग सहलेखकांसोबत, अणुकेंद्राच्या भौतिकीवर तीन दीर्घ लेख लिहिले. त्या काळचे लोक त्यांना ‘बेथेचं बायबल’ म्हणत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा १९४३ मधला यादृच्छिक प्रक्रियांवरचा लेख तारे सोडून रसायनशास्त्रापर्यंतचे लोक अजून वाचतात. उपयोजित भौतिकीचं ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’ १९३१ मध्ये नुसत्या ‘फिजिक्स’ या नावाने सुरू झालं, १९३७ मध्ये आजचं नाव मिळालं. ‘अप्लाइड फिजिक्स रिव्ह्यूज’ हा आधी त्याचाच एक विभाग होता. २०१४ पासून ते स्वतंत्र जर्नल आहे.

आधी प्रस्ताव, मग लेख

नवख्यांना सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट ही: चांगल्या रिव्ह्यू जर्नलला बहुधा पूर्ण लेख आधी पाठवायचा नसतो. आधी प्रस्ताव. कुठे तो सक्तीचा, कुठे नुसता अपेक्षित, तर काही ठिकाणी संपादक स्वतःच लेखकांना बोलावतात. जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते पान आपल्याकडे फॉर्मॅटिंग करायच्या रात्री उघडलं जातं.

प्रस्ताव दोन-तीन पानांचा. विषय काय, प्रकरणं कोणती, अंदाजे किती पानं, किती आकृत्या, किती संदर्भ, कधीपर्यंत देणार. हे सोपं. अवघड तीन प्रश्न वेगळेच.

पहिला: आत्ताच का? “या क्षेत्रात झपाट्याने संशोधन होत आहे” हे उत्तर संपादक रोज वाचतात. कशात होत नाही? उत्तर विषयाच्या पोटातून आलं पाहिजे. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकरचनेच्या पदार्थांपासून बनवलेले सौरघट घ्या. २००९ मध्ये जपानमधल्या मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवली. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. “कार्यक्षमता कशी वाढली” यावरचे रिव्ह्यू आता ढिगाने आहेत. पण टिकाऊपणा मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे कुणाचा घट खरंच जास्त टिकतो ते सांगता येत नव्हतं. २०२० मध्ये संशोधकांनी एकत्र येऊन चाचण्यांचे समान नियम सुचवले. त्या नियमांनी झालेली मोजमापं आता जमलीत, त्यामुळे पहिल्यांदा तुलना शक्य आहे, असं कुणी लिहिलं तर ते ‘आत्ताच का’चं उत्तर झालं.

दुसरा: या विषयावर आधीच जे रिव्ह्यू आहेत त्यांच्यापेक्षा तुमचा वेगळा कसा? इथे लोक गप्प बसतात, जणू आधीचे रिव्ह्यू सांगितले तर आपला नाकारतील. उलट होतं. संपादक पाच मिनिटांत ते शोधतो, आणि तुम्ही लपवलेत किंवा वाचलेच नाहीत यापैकी काहीतरी एक ठरवतो. गेल्या पाच वर्षांतले सगळे रिव्ह्यू नावानिशी द्या आणि प्रत्येकासमोर एक ओळ: यात काय राहिलं. झिंक ऑक्साइडवर २००५ मध्ये शंभरेक पानांचा रिव्ह्यू ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्येच छापला गेलाय आणि प्रचंड वाचला गेलाय. आता ‘झिंक ऑक्साइड: गुणधर्म आणि उपयोग’ असा प्रस्ताव गेला तर संपादक तो पुढे कशाला सरकवेल?

तिसरा, जरा टोचणारा: तुम्हीच का? पंचाला गावात पत लागते. लेखकांपैकी किमान एकाने त्या विषयात स्वतः काही वर्षं काम करून छापलेलं असावं ही अपेक्षा असते. ती गर्विष्ठपणाची नाही. ज्याने स्वतः हॉल मोजमापासाठी (चुंबकीय क्षेत्रात ठेवून अर्धवाहकातले विद्युतभार मोजण्यासाठी) संपर्क-बिंदू जोडलेत, त्याला दुसऱ्याच्या आलेखात कुठे गडबड असू शकते हे हातातून कळतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते कळत नाही, आणि ही त्याची चूक नाही. म्हणून गाइडने “करून टाक” म्हणून मोकळं होऊ नये, सोबत बसावं. शक्य असेल तर दुसऱ्या संस्थेतला, दुसऱ्या तंत्राचा एक सहलेखक घ्यावा. फक्त नावापुरता नको, त्याने त्याचं प्रकरण स्वतः लिहिलं पाहिजे.

प्रस्ताव मान्य झाला म्हणजे लेख मान्य झाला असं नाही. रेफरींची फेरी व्हायचीच असते. पण प्रस्ताव नाकारला गेला तर दोन आठवडे वाया जातात, पूर्ण लेख नाकारला गेला तर वर्ष. हिशोब उघड आहे.

सारणी भरताना

रिव्ह्यूचा जीव सारणीत असतो. वाचक मजकूर चाळतो आणि सारणीपाशी थांबतो. आणि बहुतेक रिव्ह्यू तिथेच मार खातात, कारण आकडे मूळ पेपरच्या गोषवाऱ्यातून उचललेले असतात.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडची गोष्ट ऐका. याचा एका थराचा पापुद्रा वापरून २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या किस यांच्या गटाने ट्रान्झिस्टर बनवला आणि इलेक्ट्रॉनची गतिशीलता (विद्युतक्षेत्रात तो किती सहज सरकतो ते) सुमारे २०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असल्याचं लिहिलं. हा आकडा वाऱ्यासारखा पसरला. २०१३ मध्ये फ्यूरर आणि होन यांनी आक्षेप घेतला: या ट्रान्झिस्टरला वर एक आणि खाली एक अशी दोन गेट (प्रवाह कमी-जास्त करणारी टोकं) आहेत, त्यांच्यातल्या विद्युत-धारितेचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) दुवा हिशोबात धरलेला नाही, त्यामुळे गतिशीलता प्रत्यक्षापेक्षा बरीच फुगलेली दिसते. भौतिकशास्त्र इतकंच: गतिशीलता काढताना धारितेने भागायचं असतं, खरी धारिता जास्त असताना कमी धरली की उत्तर वाढतं. आता सांगा, २०१५ च्या रिव्ह्यूच्या सारणीत नुसतं ‘२००’ लिहून पुढे गेलेल्या लेखकाने काय केलं? आक्षेप वाचलाच नाही, किंवा वाचून झाकला. दोन्ही वाईट. आकडा लिहा, पण शेजारी मोजण्याची पद्धत लिहा, गेटची रचना लिहा, आणि आक्षेपाची तळटीप द्या.

सौरघटांचंही तसंच. १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश, २५ अंश तापमान आणि ठरलेला सौर वर्णपट, हे प्रमाण. पण घटाचं क्षेत्रफळ एक दशांश चौरस सेंटिमीटर आहे की एक, यावर टक्केवारीचा अर्थ बदलतो. व्होल्टेज चढतं ठेवून मोजलं की उतरतं, यानेही बदलतो. स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलं की आपणच, हा तर मोठाच फरक. एवढे रकाने सारणीत नसतील तर पहिल्या क्रमांकावर बसलेला घट योगायोगाने बसलेला असू शकतो.

माझी एक सवय सांगतो, ऐकायला कंटाळवाणी आहे. सारणीतल्या प्रत्येक आकड्यासाठी मूळ पेपरचं पान आणि आकृती क्रमांक एका वेगळ्या एक्सेल शीटमध्ये ठेवतो. “अमुकने तमुकचा हवाला देऊन म्हटलंय” अशा आकड्याला शीटमध्ये जागाच नाही. एकदा एका प्रसिद्ध आकड्याचा माग काढत गेलो, तर चार रिव्ह्यू एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मूळ पेपरमध्ये एकक वेगळं होतं. कानगोष्टींचा खेळ विज्ञानातही चालतो, फक्त इथे शेवटच्या मुलाला हसू येत नाही.

मजकुराची मांडणीही याच नजरेतून. ‘अमुक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे केलं. तमुक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते केलं.’ असे परिच्छेद सुरू झाले की रेफरी पेन्सिल खाली ठेवतो. परिच्छेद माणसावरून नको, प्रश्नावरून सुरू करा: सीमारेषेवरचे दोष कार्यक्षमता किती खातात? मग ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांना बोलवा, आणि उत्तरं जुळत नसतील तर का जुळत नाहीत त्यावर आपलं मत द्या. मत चुकू शकतं. चालतं. मतच नसलेला रिव्ह्यू चालत नाही.

परवानग्या, टक्के आणि इतर कटकटी

रिव्ह्यूमध्ये तीस-चाळीस आकृत्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्यांच्या. ‘संदर्भ दिला की झालं’ हा गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय. संदर्भ देणं ही सचोटी, परवानगी घेणं हा कायदा; दोन्ही लागतात. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमधल्या आकृतीचा हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतो. स्वतःच्या जुन्या पेपरमधली आकृतीसुद्धा, हक्क सोपवून दिले असतील तर, विचारून वापरावी लागते. काम ऑनलाइन होतं: पेपरच्या पानावर परवानगीचं बटण असतं, ते बहुधा राइट्सलिंक नावाच्या सेवेकडे नेतं, तिथे कोणती आकृती, कुठे छापणार ते भरायचं. अनेकदा फुकट मिळते, कधी पैसे मागतात. सीसी-बाय या, नाव देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली मुक्त छापलेला पेपर असेल तर परवानगी लागत नाही, नाव आणि परवाना लिहिला की पुरे. आलेख काढायच्या ‘ओरिजिन’ सॉफ्टवेअरमध्ये नेऊन, रंग बदलून तीच आकृती ‘आमची’ म्हणणं हा पळवाटीचा जुना प्रकार आहे आणि तो पकडला जातो. मात्र सात पेपरमधले आकडे घेऊन तुम्ही एक नवा आलेख काढलात तर ती तुमची आकृती, आणि खरं सांगायचं तर रिव्ह्यूमधली सर्वात मोलाची. अशा तीन-चार आकृत्या असाव्यातच. परवानग्या स्वीकृतीनंतर मागायला बसलात तर छपाई त्यातच अडकते. आकृती निवडली की त्याच दिवशी अर्ज टाका.

मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणाऱ्या साम्य तपासणीच्या टक्क्यांवरून आपल्याकडे फार घाबरगुंडी असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचेच नसतात. रिव्ह्यूला दोन-अडीचशे संदर्भ असले की सूची न वगळता काढलेला अहवाल भयानक दिसतो. आधी सेटिंग बघा. पण दहाच्या आत आलं म्हणजे सुटलात असंही नाही. जर्नलचा संपादक टक्का बघत नाही, कुठला मजकूर जुळतो ते बघतो. प्रयोगपद्धतीची दोन वाक्यं जुळली तर कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधला निष्कर्षाचा परिच्छेद शब्द फिरवून आलेला दिसला, तर तीन टक्केही पुरतात.

आणि आता एआय. इंग्रजी सुधारायला मदत घ्यायला बहुतेक जर्नलांची हरकत नसते, पण वापर जाहीर करायला सांगतात, आणि यंत्राला लेखक म्हणून मानत नाहीत. खरा धोका संदर्भांचा. यंत्र अगदी खऱ्यासारखं शीर्षक, खरं जर्नल, खरा पान क्रमांक जुळवून अस्तित्वातच नसलेला पेपर तयार करतं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या रिव्ह्यूंच्या पिकामुळे ‘आर्काइव्ह’ या, छपाईआधीचे पेपर ठेवायच्या संकेतस्थळाच्या संगणकशास्त्र विभागाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की आधी दुसरीकडे तपासणी होऊन स्वीकारलेला नसेल तर रिव्ह्यू घेणार नाही. तिथे भौतिकीवर तसं बंधन घातलेलं नाही, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) स्वतः उघडून बघा. अडीचशे असले तरी. दोन संध्याकाळचं काम आहे.

रिव्ह्यूंची एवढी मागणी का, तेही उघड बोलायला हवं. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेले हवाले, भागिले त्या लेखांची संख्या. रिव्ह्यूला साध्या पेपरपेक्षा जास्त हवाले मिळतात, म्हणून संपादकाला ते हवे असतात. लेखकालाही बढतीच्या गुणांत उपयोग होतो. दोघांच्या हिताचं म्हटल्यावर भेसळ आलीच. ‘आदरणीय प्राध्यापक महोदय, आठ दिवसांत रिव्ह्यू पाठवा, लगेच छापू’ असं पत्र तुमच्याही ईमेलमध्ये असेल. आठ दिवसांत रिव्ह्यू तपासून होत नाही, ते लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. दर्जेदार जर्नलांची यूजीसी-केअर यादी, जी पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्रातून चालायची, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे आता पारख तुमची तुम्हालाच करायची आहे: त्या जर्नलमधले गेल्या वर्षीचे दोन रिव्ह्यू उघडून वाचा. लगेच कळतं.

रेफरींची उत्तरं यायला महिने लागतात. त्यात ‘टीकात्मक चर्चा वाढवा’ हे वाक्य जवळजवळ ठरलेलं. ‘पुढील आठ संदर्भ घाला’ आणि आठही एकाच गटाचे, असंही येतं. जे विषयाला धरून असतील ते घाला, उरलेले का घातले नाहीत ते संपादकाला सभ्य शब्दांत लिहा. घाबरू नका, संपादकाला नमुना ओळखता येतो. तपासणी चालू असताना नवे पेपर निघतच असतात, तेव्हा दुरुस्तीच्या फेरीत शोध पुन्हा चालवा आणि शेवटची तारीख लेखातच लिहून टाका: अमुक महिन्यापर्यंतचं साहित्य विचारात घेतलं आहे.

ती तारीख का लागते, ते सुरुवातीच्या त्या २००१ च्या लेखातच दिसतं. त्यात इंडियम नायट्राइडचा बँड गॅप सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरला होता. तेव्हा सगळेच तेवढा मानत. जुने नमुने बहुतेक स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून त्यांचा थर बसवण्याच्या पद्धतीने) बनवलेले होते. २००२ मध्ये जास्त शुद्ध, चांगल्या स्फटिकांवर मोजलं, तर आकडा ०.७ च्या आसपास निघाला. लाल प्रकाशाजवळचा पदार्थ एकदम अवरक्तात गेला. लेख छापून पुरतं दीड-दोन वर्षंही झाली नव्हती. वुर्गाफ्टमन आणि मायर यांनी पुन्हा साहित्य उपसलं आणि २००३ मध्ये त्याच जर्नलमध्ये फक्त नायट्रोजनयुक्त अर्धवाहकांवर नवा रिव्ह्यू दिला. त्यातल्या सारणीत इंडियम नायट्राइडसमोर सुमारे ०.८ लिहिलं आहे.